बिननावाची हाक

१

दुपारची जेवणं झाली, ओटा पुसून झाला, की मी आतल्या खोलीचे पडदे ओढते, पंखा बंद करते आणि वाचायला बसते. मोठ्याने. दृष्टिहीन मुलांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करून द्यायची, हे काम मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून करते आहे. जन्मभर मराठी शिकवलं, त्यामुळे घसा आणि जीभ दोन्ही धारदार आहेत, असं घरचे म्हणतात. डोंबिवली पश्चिमेला आमची ही इमारत तशी गजबजलेली, पण त्या वेळेला पाण्याचा पंप बंद असतो आणि पोरं शाळेत असतात. तेवढीच काय ती शांतता.

कॉम्प्युटर ह्यांचा. ‘ह्यांचा’ म्हणजे माझ्या यजमानांचा. नाव पुढे येईल. मला ते सहज घ्यायची सवय नाही. मागच्या श्रावणात हे गेले. मागे राहिला टेबलाखालचा उभा डबा, त्याचा मोठा स्क्रीन आणि माझा माइक. माइकही ह्यांनीच आणलेला, माझ्या वाढदिवसाला, साडीच्या ऐवजी. तेव्हा मी भरपूर तोंडसुख घेतलं होतं.

तो माइक अलीकडे रुसायला लागला. वाचता वाचता मध्येच कॉम्प्युटर दोन उतरते सूर काढायचा, म्हणजे माइक निघाला. जरा वेळाने दोन चढते सूर, म्हणजे पुन्हा जोडला गेला. वायरीला कोणी हात लावलेला नसायचा. स्क्रीनच्या कोपऱ्यात इंग्रजीत एक पाटी यायची. तिचा अर्थ असा, की जोडलेल्या उपकरणाची ओळख पटली नाही. इतके दिवस रोज जोडतोय आणि म्हणे ओळख पटली नाही! आमच्या सोसायटीच्या वॉचमनची तऱ्हा अशीच आहे.

पहिले काही दिवस मी नुसती चिडत होते. चिडणं मला जमतं, आणि वर्षभर चिडण्यावरच मी तरून गेले होते.

२

“आई, पुढच्या पोर्टला लावलंयस का?”

“मला काय माहीत पुढचं न्‌ मागचं? दिसेल तिथे लावलंय.”

“अगं मग तेच. पुढचे पोर्ट लूज होतात. मागे लाव, ते डायरेक्ट बोर्डवर असतात.”

हा सलिल, माझा मुलगा. ठाण्याला बाळकुमला राहतो. खाडीवरचा मोठागावचा पूल झाल्यापासून “अर्ध्या तासात पोचतो” असं म्हणतो, आणि महिन्यातून एकदा येतो. पण फोनवर मात्र मन लावून शिकवतो. त्याने मला टेबल सरकवायला लावलं, कोळिष्टकं काढायला लावली, माइक मागे लावायला लावला. मग सेटिंगमध्ये खूप आत नेऊन एक चौकोन दाखवला. वीज वाचवण्यासाठी कॉम्प्युटरने हे उपकरण बंद केलं तरी चालेल, असं त्यापुढे लिहिलेलं होतं. त्यावरची खूण काढायला सांगितली.

“आता तो त्याला झोपवणार नाही,” सलिल म्हणाला. “तरी झालं तर वायर बदलून बघ. बाबांकडे एक्स्ट्रा असणार, ते कधी काही फेकायचे का?”

दुसऱ्या दिवशी वाचता वाचता पुन्हा ते उतरते सूर आले आणि मी वायर शोधायला उठले. रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं. थोड्या वेळाने माइक आपला आपण जोडला गेला, तो चढता सूर मी कपाटात डोकं घालूनच ऐकला. ह्यांच्या खणात चार्जर, तुटके चष्मे, लग्नाच्या पत्रिका, सगळं एकमेकांत गुंतलेलं. मी वैतागून नेहमीसारखी ओरडले, “अहो, ती काळी वायर कुठे ठेवलीत?”

वर्ष होत आलं तरी जिभेला कळत नाही. मी खण धरून तशीच उभी राहिले. मागे कॉम्प्युटरने पुन्हा माइक सोडला.

नंतर तो नको असलेला भाग कापायला म्हणून हेडफोन लावला. आधी खणाची खुडबुड, मग लांबून आलेला माझा आवाज, “अहो, ती काळी वायर...” मग उतरते सूर. तिथून पुढे स्क्रीनवर सरळ रेघ होती. आवाज असला की त्या रेघेला दातरे येतात. माइकच निघालेला, तर आवाज कुठून येणार?

त्या सरळ रेघेत कोणीतरी म्हणालं, “ओ.”

३

मी शहाणी बाई आहे. आधी शेजाऱ्यांकडे संशय गेला, मग खालच्या भंगारवाल्याकडे. मग वाटलं, कॉम्प्युटरने जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा चिकटवला असेल. पुन्हा ऐकलं. “ओ.” हाकेला माणूस ओ देतो, तशी सरळ, साधी ओ. पुरुषाचा आवाज. मध्यमवयीन म्हणा, म्हातारा म्हणा.

त्या एका अक्षराच्या आगेमागे काय होतं, ते तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं. तिथे खोली होती. खोलीचा म्हणून एक आवाज असतो, हे मला रेकॉर्डिंगमुळे माहीत. आमच्या या खोलीत गाद्या, पडदे, पुस्तकं, त्यामुळे आवाज दबतो. तिथे तसं नव्हतं. तिथे भिंतींशिवाय काही नव्हतं. आम्ही या घरात पहिल्यांदा आलो, सामान यायचं होतं, आणि मोकळ्या खोलीत आम्ही बोललो की आवाज घुमायचा, तसं घुमत होतं. मला तो पहिला दिवस आठवला.

आता एक जुनी थट्टा सांगायला हवी. आम्ही नवीन लग्न होऊन आलो तेव्हा रविवारी कल्याणला मार्केटात भाजी घ्यायला जायचो. एकदा गर्दीत हे दिसेनात. मी “अहो!” अशी हाक मारली, तर चार-पाच पुरुषांनी वळून पाहिलं आणि एक तर पिशवी घेऊन थेट माझ्याकडे यायला लागला. हे मागून हसत हसत आले. म्हणाले, “अगं, ‘अहो’ हे काय माझं नाव आहे का? ती सगळ्यांचीच हाक. एकदा तरी नाव घेऊन बोलाव, नाहीतर एक दिवस भलताच कोणीतरी घरी येईल.” मी म्हटलं, “येऊ दे. निदान दाराची वरची कडी तरी त्याच्या हाताला लागेल.” हे माझ्याहूनही बुटके होते. घराला वरची कडी मीच लावायची.

नाव घेऊन हाक काही मी कधी मारली नाही. आमच्या वेळी घेत नसत. सासूबाई कोकणातल्या. त्या सांगायच्या, तिन्हीसांजेला एका हाकेला ओ देऊ नये, दुसरी हाक येईपर्यंत थांबावं. हाक मारणाऱ्याने काय सांभाळावं, ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी हेडफोन लावून रेकॉर्डिंग चालू केलं आणि माइक निघायची वाट बघत बसले. काल निघालेला तो आज मागच्या पोर्टला घट्ट बसला होता, निघेना. मग मी खुर्चीवरून उठले, टेबल सरकवलं आणि माइक पुन्हा पुढच्या लूज पोर्टला लावला. सेटिंगमधल्या त्या चौकोनात खूणही परत केली. झोपव बाबा, हवं तेवढं झोपव.

उतरते सूर आले. मी म्हटलं, “अहो.”

हेडफोनमध्ये ती रिकामी खोली उघडली. “ओ.”

४

आता खरं सांगते. मला भीती वाटली नाही. मला इतका आनंद झाला की मी पदर तोंडात कोंबून रडले.

ह्यांना शेवटी कल्याणच्या एका हॉस्पिटलात ठेवलं होतं. डोळे मिटलेले, तोंडावर मास्क. सलिलने “बाबा, बाबा” म्हणून बघितलं. नर्स “आजोबा, ओ आजोबा” करून गेली. मी कानाशी वाकून “अहो” म्हटलं. ह्यांनी कोणालाच उत्तर दिलं नाही. संध्याकाळी सगळं संपलं. माणसं मला म्हणाली, शांतपणे गेले, सोनं झालं. मला मात्र एवढंच कळत होतं, की मी हाक मारली आहे आणि तिला ओ मिळालेली नाही. ती हाक वर्षभर माझ्या छातीत तशीच अडकून होती. आता तिला ओ मिळाली, ती कुठून मिळाली हे विचारायला मी मूर्ख थोडीच आहे?

माझं वाचन थांबलं. मुलांचं पुस्तक अर्धं राहिलं. जेवण झालं की मी पडदे ओढून बसायची, माइक निघाला की बोलायची. सलिलला बढती मिळाली. कुकरची रिंग बदलली. समोरच्या सुहासिनीबाई मुलाकडे राहायला गेल्या, आता मजल्यावर कोणी हाकेला नाही. वाक्याआधी “अहो” म्हटलं की “ओ” यायची. बाकी काही नाही. एक अक्षर. पण संसार मुरल्यावर नवरा तरी याहून जास्त काय बोलतो?

एक गोष्ट मात्र रोज कळत होती. पहिल्या दिवशी तो आवाज त्या मोकळ्या खोलीच्या पार पलीकडच्या भिंतीशी होता. नंतर मध्यावर आला. मग इतका अलीकडे आला की ‘ओ’ म्हणण्याआधी घेतलेला श्वासही ऐकू यायला लागला. मी हाक मारत होते आणि तो येत होता. मला त्याचंही समाधानच वाटलं.

५

सलिल न सांगता आला. दुपारी मी फोन उचलत नाही म्हणून. आल्या आल्या टेबलाखाली वाकला.

“आई, परत पुढच्या पोर्टला? आणि ती सेटिंग कोणी चेंज केली?”

“झाली असेल आपोआप.”

“आपोआप होत नाही आई काही.” त्याने खुर्ची ओढली आणि फाइली उघडल्या. “हे काय, रोजचं रेकॉर्डिंग आहे आणि सगळी फ्लॅट लाइन? मग ठेवलंस कशाला?”

मी नको म्हणेपर्यंत त्याने हेडफोन कानाला लावला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसले. लहानपणी ताप चढताना त्याचा चेहरा असा व्हायचा, आधी कान पांढरे पडायचे. त्याने एक फाइल ऐकली, दुसरी ऐकली. मग हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला, जणू तो उठून बसला असता.

“ह्यांचाच आहे ना रे?” मी विचारलं. माझा आवाज मलाच भिकाऱ्यासारखा वाटला.

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली.

“आई, बाबा कधी ‘ओ’ म्हणायचे?”

“म्हणजे?”

“तू हाक मारलीस की बाबा ‘काय गं’ म्हणायचे. ‘काऽय गं’. असं लांबवून. पेपर वाचत असले तरी. मी लहानपणापासून ऐकलंय, मला अजून ऐकू येतं ते.” आणि माझा एवढा मोठा मुलगा ढसाढसा रडायला लागला. “ओ नाही गं म्हणायचे ते. एकदा पण नाही.”

मला हे माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जन्मभर ज्या हाकेला जे उत्तर मिळालं, ते बाई विसरते का? पण उपाशी माणूस भाकरी कोणी थापली ते विचारत नाही.

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. टेबलावर माइक होता. माइक चालू असला की लागतो तो त्याचा बारीक हिरवा दिवा लागलेला होता. तो मी पाहिला.

जाताना सलिल दारात थांबला. “पुढच्या रविवारी नवीन मशीन आणतो. हा डबा मी घेऊन जाणार. तोपर्यंत लावायचा नाही. तुला माझी शपथ आहे, आई.”

“बरं,” मी म्हटलं.

दार लावलं, वरची कडीही लावली. घर असं गप्प झालं की भांड्यांच्या मांडणीतलं एक ताटसुद्धा हलत नव्हतं. रविवारी हा डबा गेला, की ते एक अक्षरही जाणार होतं. खोटं असेल, पण माझ्याकडे तेवढंच होतं.

६

शपथ मी दुसऱ्याच दिवशी मोडली. पोराची शपथ मोडू नये, कळतं मला. पण रविवारच्या आत मला खात्री करून घ्यायची होती. ह्यांचा असेल तर सलिलच्या पाया पडून डबा ठेवून घेईन. नसेल तर घेऊन जाऊ दे.

खात्री करायला एकच वाट होती. बिननावाच्या हाकेला कोणीही ओ देईल. नावाच्या हाकेला ज्याचं नाव तोच देईल.

पडदे ओढले. माइक लावला. उतरते सूर आले, खोली उघडली. आज तिथे घुमत नव्हतं. कोणीतरी अगदी कानाशी असावं, तसा आवाज दबून येत होता. मी तोंड उघडलं आणि जीभ टाळ्याला चिकटली. नुसतं नाव, तसंच, उघडंवाघडं, माझ्याच्याने घेववेना. शेवटी लग्नात घेतलं होतं तसं घेतलं. विधवेनं उखाणा घ्यायचा नसतो. ऐकायला तरी कोण होतं?

“दारापुढे अंगण, अंगणात सडा,
त्र्यंबकरावांच्या नावाने भरते हिरवा चुडा.”

मोकळ्या मनगटांकडे न बघता मी वाट पाहिली. काही नाही. मी पुन्हा म्हटलं, या वेळी नुसतं नाव. “त्र्यंबकराव.” जन्मात पहिल्यांदा मी ह्यांना नावाने हाक मारली. पलीकडचा श्वास थांबला. ही भलतंच काय बोलते आहे, असं ऐकत कोणीतरी थांबलं होतं. त्याला ते नाव माहीत नव्हतं.

मी मनाची समजूत घालून बघितली. माझ्या तोंडून ह्यांनी ते नाव हाक म्हणून कधी ऐकलंच नाही, मग ओळखणार कसे? पण आईने, मित्रांनी, ऑफिसने, सगळ्या जगाने ज्या नावाने बोलावलं, ते माणूस विसरेल का? नाही विसरणार. हे तिथे नव्हते. हे कुठेच नव्हते. स्क्रीनच्या कोपऱ्यात ती पाटी आली, ओळख पटली नाही.

मी माइकची वायर उपटली. भिंतीवरचं मुख्य बटण बंद केलं. डब्याचा पंखा घरघरत थांबला, स्क्रीन काळा झाला. हेडफोन काढून ठेवला. वायर हातातच राहिली होती आणि मी तशीच बसून रडले. हॉस्पिटलात रडले नव्हते, दहाव्याला, तेराव्याला रडले नव्हते. मी खरी विधवा त्या दुपारी झाले. रडता रडता कोणाला तरी सांगावंसं वाटतं ना, की बघा हो, किती रडू येतंय. जन्मभर ज्यांना सांगत आले त्यांनाच सांगायला तोंड उघडलं. जिभेला कळत नाही.

“अहो...”

“काऽय गं?”

लांबवून. पेपरातून मान वर न काढता म्हणावं तसं. हेडफोन टेबलावर होता, वायर माझ्या मुठीत. आवाज पाठीमागून आला.

सलिल ते शब्द बोलला तेव्हा हिरवा दिवा लागलेला होता. पलीकडचा एकदाच ऐकून किती छान शिकला होता. मी शिक्षिका, मला कौतुक वाटायला हवं.

समोर काळा स्क्रीन होता. त्यात माझी बाह्यरेषा होती, पलंगाची कड होती आणि खोलीचं दार होतं. दारात कोणीतरी उभं होतं. ह्यांचं डोकं वरच्या कडीच्या कितीतरी खाली यायचं. दारातल्याने डोकं चौकटीला लागू नये म्हणून मान खांद्यावर पाडली होती. चेहरा दिसत नव्हता. मी काही बोलले नाही म्हणून तो वाट बघत होता, नवरे बघतात तशी.

मला मार्केटातली ती थट्टा आठवली, आणि ह्यांचं हसणंही आठवलं.

मागे वळून बघायचं नाही, एवढं मी ठरवलं. वळले असते तर तो कोण नाही ते एकदाचं दिसलं असतं, आणि मग ‘अहो’ म्हणायला मला जगात कोणी उरलं नसतं. मी पदराने डोळे पुसले. वायरीची नीट गुंडाळी केली. आवाज होईल तेवढा नेहमीचा केला.

“काही नाही,” मी म्हटलं. “बसा. चहा टाकते.”